क्षेत्र सारखे, बांध निराळे

सोलापूरहून दक्षिणेस निघालेल्या लोहमार्गाला जेथे गदगचा फाटा फुटतो, त्या होटगीच्या शाळेतील एखाद्या मुलास ‘चौरसाची परिमिती 132 फूट, तर बाजू किती?’ असा प्रश्न घातला, तर चाराने भागून 33 हे उत्तर तो बिनचूक देईल. परंतु हाच चौरस म्हणजे वडिलांच्या तोंडी नित्य असलेला एक गुंठा, आणि 33 फूट ही इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याची जमीन जिने मोजली गेली त्या सोळा आण्यांच्या साखळीची लांबी, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

सुसम आकृतीची परिमिती काढण्यात बुद्धीची कसोटी फारशी नाही. ती लागते वाटणीच्या वेळी. सोळा गुंठ्यांचा, म्हणजे 132 फूट बाजूचा चौरस तुकडा चार भावांनी उभ्या पट्ट्या पाडून वाटला, तर प्रत्येकास चार गुंठे मिळतात खरे, पण मध्ये तीन बांध घालावे लागतात आणि त्यांची लांबी 396 फूट भरते. तोच तुकडा एकमेकांस छेदणाऱ्या दोन बांधांनी विभागला, तर 264 फुटांत काम भागते. बांध तीन फुटी धरला, तर पहिल्या रीतीत 1188 चौरस फूट, म्हणजे गुंठ्याहून अधिक जमीन (गुंठा 1089 चौरस फुटांचा) बांधाखाली जाते, दुसरीत 783. कुंपण घालणाऱ्याचा हिशेबही असाच: पट्टीची परिमिती 330 फूट, चौरसाची 264.

पट्टी पाडणारे अडाणी असतात असे मात्र मी म्हणणार नाही. प्रत्येक हिश्श्याला रस्ता लाभावा, लांब तासात औताची वळणे कमी व्हावीत, हे हेतू रास्तच आहेत, आणि आतल्या चौरसांना वाट काढून द्यायची तर तीही जमीन खातेच. माझी तक्रार एवढीच की ही तुलना कागदावर कोणी मांडत नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचा भरही क्षेत्राच्या किमान प्रमाणावर आहे. आकाराची चिंता वाटेकऱ्यांनाच वाहावी लागते.

तेव्हा शिक्षकांनी 33 फुटांची दोरी घेऊन मुलांना एकवार मैदानावर न्यावे, आणि वाटणीपत्रावर सही करण्यापूर्वी भावाभावांनी प्रत्येक हिश्श्याच्या क्षेत्राशेजारी त्याची परिमितीही लिहून घ्यावी.