ओसरीखाली लपलेला जॉन

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लढवय्ये नेते जॉन लुईस २०२० साली गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली जीवनकथा चित्रांतून सांगून ठेवली. अँड्र्यू आयडिन यांच्यासह लिहिलेले व नेट पॉवेल यांनी चितारलेले 'मार्च'चे तीन भाग २०१३ ते २०१६ या काळात निघाले. चित्रकथा म्हणजे पोरखेळ असे समजणाऱ्या आमच्या विद्वानांनी ते एकदा हाती घ्यावेत.

त्यातल्या मोर्चांपेक्षाही आम्हाला भिडले ते अलाबामातले घर. बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा. १९४४ मध्ये ३०० डॉलर देऊन त्याने स्वतःची ११० एकर घेतली. घरात दहा लेकरे. जॉनकडे कोंबड्या सांभाळण्याचे काम. तो त्यांच्यापुढे प्रवचन करी, एखादी मेली तर तिचा अंत्यविधीही करी! पण हंगाम आला की आईबाप म्हणत, आज शाळा नको, रानात चल. मग हा पोरगा ओसरीखाली लपे आणि शाळेची बस दिसताच धावत सुटे. आईबाप निर्दय होते काय? मुळीच नव्हते. राबणारा एक हात कमी झाला तर वर्षभर खायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता.

१९५१ च्या उन्हाळ्यात ओटिसमामा त्याला मोटारीने उत्तरेकडे बफेलोला घेऊन गेला. वाटेतल्या खाणावळींत काळ्यांना मज्जाव, म्हणून जेवण घरूनच बांधलेले. कुठे थांबायचे तेही आधीच ठरलेले. ओहायो येईपर्यंत मामाचा जीव थाऱ्यावर नव्हता. हे पाहताना १९०१ ची मसूर स्थानकापासूनची वाट कोणाला आठवणार नाही? वडिलांना भेटायला निघालेले बाल भीमराव, सोबत भाऊ व भाचा, गाडीत भरपूर जेवण आणि प्यायला घोटभर पाणी नाही! दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी 'भीमायन'मध्ये ती वाट रेखाटली आहे.

ती ओसरी अलाबामातच राहिली, असे मात्र समजू नये. बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांसोबत आजही लेकरे जातात. धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण लागते, तिची शाळा सुटते. त्या आईबापांना अडाणी म्हणून झोडपणे सोपे आहे. ज्यांना झोडपायला हवे ते कचेरीत बसले आहेत. हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण टोळ्या निघण्याआधी ती उघडणार की नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याला दसऱ्यापूर्वीच विचारले पाहिजे, आणि लेखी विचारले पाहिजे.