गव्हाणीत हात घालून बघा

२०१९ च्या दुष्काळात आमच्या परंडा भागातली कितीतरी घरं जनावरांच्या मागोमाग चारा छावणीत राहायला गेली. शासन मोठ्या जनावरामागे रोज ९० रुपये देत होतं, मे महिन्यात ते १०० झाले. डोक्यामागे पैसा मिळायला लागला की डोकी वाढवून सांगायचा मोह होतो. तेव्हापासून कुठल्याही गोशाळेत ‘आमच्याकडे पाचशे जनावरं आहेत’ असं कुणी सांगितलं, की मी आधी कडब्याची गंज बघतो.

गेल्या महिन्यात आईच्या वर्षश्राद्धानिमित्त चाऱ्याचे पैसे द्यायला एका गोशाळेत गेलो. भर दुपारी, न कळवता. पुढच्या दावणीला धुतलेल्या, हळदीकुंकू लावलेल्या गाई. मी मागं गेलो. गव्हाणीत वर मक्याची ताजी कुट्टी होती. हात खाली घातला तर बुडाशी काळी पडलेली, आंबूस वासाची, हाताला गरम लागणारी. हौदाला शेवाळ. कोपऱ्यात एक बैल बसून होता. त्याच्या पुढच्या खुरांची टोकं वाढून वर वळली होती. खूर एवढं वाढायला महिने लागतात. तेवढे महिने त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

“मामा, वर्षात किती जनावरं दगावली?” मी राखणदाराला विचारलं.

“एकबी न्हाई.”

मी पैसे खिशातच ठेवले. म्हातारी, अपघातातली, पोलिसांनी टेम्पोतून सोडवलेली जनावरं सांभाळायची म्हणजे त्यातली काही जाणारच. नीट चालवलेल्या ठिकाणी त्याची वही असते: कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, आल्याची तारीख, दिलेलं औषध, डॉक्टरांची सही, गेल्याची तारीख. नवं जनावर आधी काही दिवस वेगळं बांधतात का, हेही विचारावं. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा ते किती गरजेचं आहे हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

२०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. थकलेलं जनावर पुढं कितीतरी वर्षं वैरण-पाणी मागतं. म्हणून जागा भरल्यावर ‘आता घेता येणार नाही’ म्हणणाऱ्या संस्थेला मी निर्दय म्हणत नाही. आत आहेत त्यांच्या पोटाचा हिशेब तिनं केलेला असतो. हा हिशेब जमवणारेही आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या दहीवंडीच्या शब्बीर सय्यद यांनी शेणखत विकून शंभरावर गुरं सांभाळली. त्याच २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या बैलाची खुरं मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना नेऊन तासून घेतली. आईच्या नावचे पैसे तिथं लागले.

तुम्हीही चाऱ्याला पैसे देणार असाल तर फोन करून जाऊ नका. मागच्या दावणीपर्यंत चाला, गव्हाणीच्या बुडाशी हात घाला, आणि दगावलेल्या जनावरांची वही मागा.