ऑलिव्हच्या बाटलीत औषध किती?

माझ्या धाकट्या बहिणीला अकरा वर्षांपासून संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार नव्हे. शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि सकाळी तास-तासभर बोटे वळत नाहीत, तो हा संधिवात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घ्यायचे, ठरल्या मुदतीला रक्त तपासायचे, असा तिचा क्रम होता. गेल्या दिवाळीत गेलो तर टेबलावर ऑलिव्ह तेलाची बाटली आणि शेजारी ऑलिव्हच्या पानांच्या अर्काच्या कॅप्सूल.

"आणि तुझी गोळी?"

"बंद केली, दादा. चार महिने झाले. शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय म्हणे."

बँकेत माझी उमेद कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. सातबारा अस्सल असतो, पण तो दाखवलेल्या जमिनीचा नसतो, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. तेव्हा आधी कागद वाचले.

कागद अस्सल आहेत. गॅरी बोशां हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतले चवीचे अभ्यासक. सिसिलीत ताजे ऑलिव्ह तेल चाखताना त्यांच्या घशात एक ओळखीची झोंबणी उठली. द्रवरूप आयबुप्रोफेन चाखताना झोंबते तशीच, तिथेच! त्यातून ओलिओकॅन्थल हे द्रव्य हाती लागले. ते आयबुप्रोफेनप्रमाणेच दाह वाढवणाऱ्या विकरांना रोखते, हे 2005 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. घशाने लावलेला असा शोध कादंबरीत घातला असता तर संपादकाने खोडून टाकला असता.

पण त्याच निबंधात हिशेबही आहे. रोज 50 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार मोठे चमचे, अस्सल तेल घेतले तर वेदनाशामक आयबुप्रोफेनच्या प्रौढ मात्रेच्या सुमारे 10 टक्के परिणाम. आणि मुळात आयबुप्रोफेन तरी काय करते? ठणका कमी करते. सांध्याची नासाडी ते थांबवत नाही. ते काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचे. मग त्याचा दहावा हिस्सा रोग कसा टाळणार?

टाळण्याचा पुरावा शोधला. स्पेनमध्ये सेव्हिलच्या संशोधकांनी ऑलिव्हमधल्या द्रव्यांनी उंदरांचा संधिवात सौम्य केला. उंदरांचा! दक्षिण ग्रीसमधल्या 1999 सालच्या पाहणीत 145 रुग्ण आणि 188 निरोगी माणसे होती. भरपूर ऑलिव्ह तेल खाणाऱ्यांत हा आजार कमी आढळला. शिजवलेल्या भाज्या खाणाऱ्यांतही कमी आढळला, पण त्यांची जाहिरात कुणी करत नाही. पुढे 2015 साली अमेरिकेतल्या पावणेदोन लाख परिचारिकांच्या नोंदी पाहिल्या, तर भूमध्य समुद्राकाठच्या आहारपद्धतीचा आणि या आजाराच्या शक्यतेचा ठळक संबंध दिसला नाही. युरोपीय संघाने 2012 साली ऑलिव्ह तेलातल्या या द्रव्यांबद्दल बाटलीवर छापायला जी परवानगी दिली ती रक्तातल्या स्निग्ध पदार्थांच्या संरक्षणापुरती. त्यालाही अट आहे: 20 ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याच्या जातकुळीची द्रव्ये मिळून किमान 5 मिलिग्रॅम हवीत. सांध्यांचा त्यात उल्लेख नाही.

तेल वाईट नव्हे. हृदयासाठी त्याचा पुरावा पुष्कळ बरा आहे, आणि परवडत असेल त्याने ते खुशाल खावे. माझी तक्रार आहे ती 'दाहशामक द्रव्य आहे' या वाक्यापासून 'संधिवात होत नाही' या वाक्यापर्यंत मारलेल्या उडीबद्दल. ती उडी विक्रेता मारतो आणि हाडे पेशंटची मोडतात.

इतके वाचून झाल्यावर बहिणीकडची बाटली फिरवून पाहिली. बारीक अक्षरांत 'पोमेस' लिहिलेले. म्हणजे पहिले तेल गाळून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने काढून शुद्ध केलेले तेल. घशाला झोंबणारे ते द्रव्य एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात असते; शुद्धीकरणात ते जवळजवळ सगळे निघून जाते. तिला एक चमचा प्यायला लावले.

"झोंबतंय?"

"छे. काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळी पुन्हा सुरू झाली, सूज उतरली. उजव्या हाताचे मधले बोट या चार महिन्यांत वाकले, ते तसेच राहिले आहे. पोमेसचे तेल तिने शंकरपाळे तळायला वापरून संपवले.