अंगठी सैल का होते?



आपल्या पालम-गंगाखेड भागातली बहुतेक लग्ने एप्रिल-मेमध्ये उरकतात. शेतात काम नसते, ऊसतोडीला गेलेली माणसे परतलेली असतात, लेकरांना सुट्ट्या असतात. पारा मात्र चाळिसाच्या वर असतो. नवरदेवाच्या अंगठीचे माप याच दिवसांत, तेही भर दुपारी दिले जाते. गावाकडून उन्हात यायचे, सराफाच्या दुकानात हात पुढे करायचा. अंगठी त्या दिवशी चपखल बसते.

दिवाळी सरली की थंडी सुरू होते. परभणी जिल्ह्यात कित्येकदा पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. तीच अंगठी आता बोटात गरगर फिरते. कापूस वेचताना, भांडी घासताना कधी गळून पडली, कळतही नाही. २०२५ साली सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेला. म्हणजे अर्ध्या तोळ्याच्या अंगठीबरोबर पन्नास हजारांहून जास्त रुपये मातीत जातात. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला ते परवडणारे नाही. नुकसान पैशावरही थांबत नाही. सुनेने माहेरी दिली असेल, शेजारच्या पोराने उचलली असेल, असा संशय सुरू होतो. कोणी देवऋषीकडे धावतो. एका अंगठीपायी दोन घरांचे बोलणे बंद होते.

म्हणून यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. उष्णतेने धातू फुगतो, हे आपण शाळेत शिकलो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती लाल होईपर्यंत तापवतात आणि बसवून पाणी ओततात, हेही पाहिले आहे. मग उन्हाळ्यात अंगठी मोठी होऊन सैल व्हायला हवी. प्रत्यक्षात ती घट्ट होते. हिशेब करून पाहा. पंचावन्न मिलिमीटर घेराची सोन्याची अंगठी तीस अंशांनी तापली, तर तिचा घेर मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याने वाढतो. सराफाच्या मापात एका नंबराचा फरक साधारण एक मिलिमीटरचा असतो. म्हणजे अंगठी जवळपास आहे तेवढीच राहते. बदलते ते आपले बोट.

उन्हात शरीर आतली उष्णता बाहेर टाकू पाहते. त्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतले थोडे पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपते आणि बोट फुगते. हात लोंबते ठेवून दूरवर चालले, खारट जास्त खाल्ले, तरी तसेच होते. थंडीत शरीर उष्णता राखून ठेवते, रक्तवाहिन्या आकसतात आणि बोट बारीक होते.

काही लोक सांगतात, खडा लाभला नाही म्हणून बोट सुजले. ज्योतिषावर पोट भरणे भिक्खूने टाळावे, असे दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात आले आहे. आपण तर रोजच्या वंदनेत धम्माला एहिपस्सिको म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. तसेच करा. पहाटे आणि दुपारी त्याच बोटाला दोरा गुंडाळा, खूण करा आणि पट्टीवर मोजा. लेकरांकडून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मोजून घ्या. कोणत्याही ग्रहाची पत्रिका न पाहता उत्तर मिळेल.

अंगठी घ्यायचीच असेल, तर उन्हातून आल्या आल्या माप देऊ नका. सावलीत अर्धा तास बसा, पाणी प्या. पहाटेच्या थंडीत किंवा गार पाण्यात हात घातल्यावरही माप देऊ नका. जमल्यास दोन वेगवेगळ्या दिवशी माप घ्या. पेराच्या गाठीवरून अंगठी थोडी अडून उतरली पाहिजे. थंडीत सैल झाली, तर आतून दोरा गुंडाळा किंवा उन्हाळ्यापर्यंत पेटीत ठेवा.

बोटात अडकली, तर ओढाताण करू नका. हात डोक्याच्या वर धरा, गार पाण्यात बुडवा, साबण किंवा तेल लावा. तरीही निघाली नाही, तर दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढा. उरलेला दोरा अंगठीपासून नखाकडे, गाठीच्या पलीकडेपर्यंत, जवळजवळ घट्ट गुंडाळा. मग तळहाताकडचे टोक नखाच्या दिशेने ओढत दोरा सोडवत जा. अंगठी पुढे सरकते. बोट निळे पडले किंवा बधिर झाले, तर लगेच दवाखाना गाठा. तिथे अंगठी कापून काढतात. कापलेली अंगठी पुन्हा सांधता येते, गेलेले बोट परत येत नाही.

दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. शेतात साप चावला किंवा विंचू डसला, तर सूज चढण्याआधी त्या हातापायातली अंगठी, बांगड्या, जोडवी, काळा दोरा काढा आणि थेट दवाखान्यात जा. दुसरे, गरोदर बाईची अंगठी एकाएकी घट्ट झाली, हात-तोंड सुजले, डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उन्हाला किंवा नजरेला दोष देऊ नका. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी आशाताईला सांगा आणि तिला रुग्णालयात न्या. आई आणि बाळ दोघांच्या जिवाचा प्रश्न असतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना अंगावरचे कथलाचे, चांदीचे ओझे उतरवायला सांगितले. दागिना माणसासाठी असतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. जावयाला अंगठी दिलीच पाहिजे म्हणून कर्ज काढण्यापेक्षा तो पैसा मुलीच्या शिक्षणावर लावा. ते कोणत्याही ऋतूत सैल होत नाही.

जय भीम.