एकट्याची लढाई

दिवाळीच्या सुटींत अंगणांत मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर मावळे मांडले जातात, आणि पुढें सारेंच मोडलें जातें. त्या मावळ्यांना कांहीं कामगिरी द्यावी. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ च्या सुमारास सोंगट्यांचें युद्ध अधिकाऱ्यांच्या शिक्षणांत आलें. १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें खेळांतल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपानें दिले. जोडीदार नसला तरी अडत नाहीं.

सोलापूरच्या मुलास विषय घरचाच आहे. मे १८१८ मध्यें पेशव्यांचें पायदळ व तोफा गणपतराव पानसे यांच्या हाताखालीं येथील भुईकोटाच्या तटाबाहेर होत्या. जनरल मन्रोनें १० तारखेस पेठ घेतली, बाहेरचें सैन्य उधळलें, व १५ तारखेस किल्लाहि पडला.

शाडूचे शिपाई व एक फांसा एवढें साहित्य पुरें. दर खेपेस दोन्ही सेनापतींचे तीन तीन हुकूम लिहावे. एक-दोन पडल्यास पहिला, तीन-चारास दुसरा, पांच-सहास तिसरा अंमलांत आणावा. मन पानशांकडे झुकतें, फांसा झुकत नाहीं.

मग पानशांचें सैन्य तटाआंत ठेवून तोच डाव पुन्हां मांडावा. किल्ला अधिक दिवस टिकेल, किंवा धान्य लवकर संपेल. पराभवाचें खापर दैवावर फोडणें सोपें असतें, परंतु शत्रूच्या जागीं बसून त्याचीहि अडचण सोडविल्यावर मूल "असें कां झालें?" हें विचारूं लागतें. इतिहासाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.