सहा महिन्यांच्या नोकरीचा बायोडाटा

१९९८-९९च्या सुमारास पुण्या-मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत ‘कोबोल’ हा शब्द शिरला. २००० साल उजाडताना जुन्या संगणकांतल्या दोन आकडी वर्षांचा घोळ होणार होता आणि तो निस्तरायला माणसे हवी होती. पश्चिमेकडच्या बँकांना, विमा कंपन्यांना ती कायमची नको होती. काम संपेपर्यंत हवी होती. मधल्या कंपन्यांनी ती तासाच्या दराने पुरवली. या व्यवहाराला ‘बॉडी शॉपिंग’ असे रोखठोक नाव होते. मुलगा अमेरिकेला गेला म्हणून घरोघर पेढे वाटले गेले. तो नेमका कोणाच्या नोकरीत आहे, हे विचारण्याचे फारसे कोणाला सुचले नाही.

तो कंत्राटी बाजार आता हिंजवडी, खराडी, ऐरोलीत आपल्या दाराशी आहे. पगार एका कंपनीचा, खुर्ची दुसरीच्या कार्यालयात आणि काम तिसऱ्याच देशातल्या ग्राहकाचे, अशी अनेकांची नोकरी असते. मुदत सहा महिने, फार तर वर्ष. साहजिकच कायम नोकरीवाल्याला क्वचित लागणारा बायोडाटा यांना सतत लागतो. असे बायोडाटा मी निवडणाऱ्याच्या बाजूने बरीच वर्षे वाचत आलो आहे. चांगली, कामसू मुले केवळ आपल्या कागदामुळे मागे पडताना मी पाहिली आहेत.

आपल्याकडे स्थळासाठी पाठवतात तोही बायोडाटा आणि नोकरीसाठी पाठवतात तोही बायोडाटाच. बहुधा म्हणूनच दोहोंची गल्लत होते. वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, वाचन व क्रिकेटची आवड आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ अशी सही! (पत्रिका तेवढी जोडायची राहते.) कंत्राट देणाऱ्याला यातले काही नको असते. त्याचे काम अडलेले असते आणि शिकवायला त्याला सवड नसते. हा माणूस सोमवारपासून ते काम हाती घेईल का, एवढेच तो शोधतो. तेही बहुधा आधी संगणकाने शब्द जुळवून चाळणी लावल्यानंतर.

मध्यंतरी एका मुलाच्या कागदावर ‘जावा, ओरॅकल, संघभावनेने काम’ एवढेच होते. बोलता बोलता कळले, की एका बँकेची रात्रीची व्याज-आकारणी पाच तास चालायची, ती याने दीड तासावर आणली होती. मग हे लिहिले का नाही? ‘त्यात काय सांगायचं, सर?’ अहो, तेवढेच तर सांगायचे असते! काय अडले होते, आपण काय केले आणि त्याने काय बदलले, या तीन गोष्टी प्रत्येक कामाखाली हव्यात. ग्राहकाचे नाव गुप्त असेल तर ‘युरोपातील एक विमा कंपनी’ म्हणावे. छोटी कंत्राटे एका मथळ्याखाली आणावीत, नाहीतर माणूस नोकऱ्या बदलत फिरणारा वाटतो. कधी रुजू होता येईल, ते सुरुवातीलाच असावे.

पण या सुधारणेच्या नावाखाली भलताच प्रकारही चालतो. ग्राहक ‘पाच वर्षे अनुभव’ मागतो, मुलाची दोन भरतात, आणि मधला माणूस म्हणतो, ‘तीन वाढव, सगळेच करतात.’ अनुभवाचे बनावट दाखले विकणारेही आहेत, आणि त्यांना पैसे मोजणारे पालकही. दर वर्षांवर ठरत असल्याने लबाडीचा फायदा मधल्याला होतो. पकडला जातो तो मुलगा. २०२२मध्ये ॲक्सेंचरने बनावट अनुभवपत्रे दिलेल्यांना भारतात नोकरीतून काढले. २०१४पासून भविष्यनिर्वाह निधीच्या सदस्याला एकच बारा आकडी क्रमांक असतो. त्याखाली कोणत्या मालकाकडे कधी लागला आणि कधी सोडले, हे दिसते. पडताळणी करणारे नेमके तेच मागतात.

अडचण सच्च्या माणसाचीही होते. ‘सल्लागार’ म्हणून राबलेल्याचा निधी कापलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या खऱ्या अनुभवाची तिथे नोंदच सापडत नाही. त्याने करारपत्र, टीडीएसचे प्रमाणपत्र आणि बँकेतल्या जमेच्या नोंदी जपून ठेवाव्यात. काम मागण्याऐवजी नुसती वर्षे मोजण्याची मोठ्या ग्राहकांची सवय या साऱ्याच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. ती मोडेपर्यंत मुलांना स्वतःलाच सांभाळावे लागेल.

आणखी एक. एजन्सी बायोडाटावरचा पत्ता-फोन काढून, आपले नाव घालून तो पुढे पाठवते, आणि कधी कधी मजकूरही परस्पर बदलते. दोन एजन्सींकडून एकाच ग्राहकाकडे एकच नाव गेले, तर दोन्ही अर्ज बाजूला पडू शकतात. म्हणून कोणाकडे पाठवता आहात ते आधी कळवा आणि जाणारी प्रत मला दाखवा, असे एजन्सीला ई-मेलने लिहून ठेवावे. पुढे तारखा जुळल्या नाहीत, तर मूळ कागद कोणता होता हे दाखवायला ते पत्र हाती राहते.