मुलीचं नाव यादीत घातलंत का?

मैत्रिणींनो, बारामती-इंदापूरकडे निवडणूक आली की चुलीपाशीसुद्धा तीच चर्चा! पण घरातली मुलगी अठरा वर्षांची झाली तरी तिचं नाव मतदारयादीत नसतं. ‘उद्या सासरी जाणार, कशाला?’ असं म्हणतात. अहो, लग्नानंतर नाव तिकडे बदलून घेता येतं! १९८९ साली मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, ते मुलींसाठीही. आता सतरा पूर्ण होताच सहा नंबरचा अर्ज आगाऊ भरता येतो. विधानसभेची यादीच नगरपरिषदेला धरतात, तेव्हा आधीच भरलेला बरा. एकविसाव्या वर्षी तीच मुलगी नगरपरिषदेला उभी राहू शकते; २०११ पासून निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. मत कुणाला द्यायचं, ते मात्र तिचं तिलाच ठरवू द्या हं!